हंगाम, सोनेतारण आणि सरकारी खाट: दारूच्या उपचारांचा खर्च एका कुटुंबाने कसा जुळवला

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावातले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रुग्ण 41 वर्षांचे असून आयटीआय झाल्यापासून मोटार भरण्याचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळण्याचे काम करतात आणि बाजारपेठेत त्यांचे स्वतःचे दुकान आहे. पत्नी शिवणकाम करतात, मुलगी दहावीत आणि मुलगा सातवीत आहे. थोरले बंधू गावातच वेगळे राहतात व वडिलोपार्जित ऊसशेती पाहतात.

या धंद्याचा हंगाम फेब्रुवारी ते मे असा असतो. विहिरींचे पाणी खाली जाते, विजेचा दाब पडतो, एखादा फेज जातो आणि शेतकऱ्यांच्या मोटारी धडाधड जळतात. पाऊस लागला की काम एकदम थंडावते. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा या चार महिन्यांत पदरात पडतो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयावर या हंगामाची सावली होती, म्हणून हे आधीच सांगितले.

दारू सुरुवातीला हंगामापुरती होती. रात्री उशिरापर्यंत काम चालायचे आणि काम संपल्यावर एक क्वार्टर व्हायची. चार-पाच वर्षांत ती बारमाही झाली आणि पुढे सकाळी दुकान उघडण्याआधीच सुरू झाली. पहिल्या भेटीत रुग्णाने स्वतः जे सांगितले, त्यात निदान जवळजवळ पूर्ण होते: "साहेब, नव्वद मारल्याबिगर तार स्लॉटात बसत न्हाई." हात इतके थरथरत की बारीक तार स्टेटरच्या (मोटारीच्या आतल्या स्थिर भागाच्या) खाचेत सरकवताना तिच्यावरचे इनॅमलचे संरक्षक आवरण खरवडले जाई आणि भरलेली मोटार आठवड्यात परत येई. म्हणजे कामासाठी दारू लागत होती आणि दारूमुळे काम बिघडत होते. जुन्या मोटारीतून निघणाऱ्या तांब्याच्या भंगाराचे पैसे कुटुंबाच्या हिशेबात कधी आलेच नाहीत. ते परस्पर देशीच्या दुकानात जात होते. पत्नीच्या अंदाजाने दारूवर दिवसाला सरासरी अडीचशे रुपये जात असत.

अडचण कुठे होती

हे कुटुंब उपचारांकडे उशिरा वळले असे वरवर वाटते, पण ते खरे नाही. आमच्याकडे सल्ल्यासाठी येण्यापूर्वी त्यांनी तीन प्रयत्न केले होते आणि त्यांत पैसाही गेला होता.

पहिला प्रयत्न म्हणजे चहातून गुपचूप द्यायची पावडर. जाहिरात पाहून मागवलेल्या या पुड्यांना साडेचार हजार रुपये पडले. पुडीवर घटकांचा उल्लेख नव्हता. अशा पुड्यांत कधी कधी डायसल्फिराम असते, म्हणजे दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून दिले जाणारे औषध. हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन आणि त्याच्या संमतीने दिले तर उपयोगी पडते. मात्र ते पोटात असताना माणूस नकळत दारू प्याला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. इथे चार दिवस उलट्या झाल्या आणि रुग्णाला संशय आल्यावर त्यांनी घरचा चहाच सोडला.

दुसरा प्रयत्न 2023 च्या आषाढीचा. शेजारच्या वारकरी कुटुंबाच्या सांगण्यावरून रुग्णाने माळ घातली आणि दारू एका दिवसात बंद केली. इच्छा खरी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातच त्यांना फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली तर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, ताप अशी अवस्था होऊ शकते. उपचार न मिळाल्यास ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. हे कुणीच सांगितलेले नसल्याने घरात त्याचा अर्थ वेगळाच लावला गेला: नेम मोडला म्हणून कोप झाला, किंवा सोडली की झटका येतो म्हणून सोडूच नये. दुसरा समज पुढचे दहा महिने टिकला.

तिसरा प्रयत्न या फिटवरच्या उपचारांचा. एका खासगी रुग्णालयात दोन दिवस ठेवले, तिथे चौदा हजार खर्च झाला. घरी जाताना दिलेल्या कागदावर "फिटचा आजार" असे निदान होते, फिटच्या गोळ्या होत्या आणि दारूचा उल्लेख कुठेही नव्हता. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत स्वस्त संधी तिथे हुकली. माणूस खाटेवर होता, घाबरलेला होता, दारू सोडण्याच्या विचारात होता, आणि त्याला पुढे कुठे जायचे हे सांगायला एक ओळ पुरली असती.

एप्रिल 2024 मध्ये डोळे पिवळे दिसू लागले आणि जेवण तुटले, तेव्हा अडचण दुहेरी झाली. वैद्यकीयदृष्ट्या थांबणे शक्य नव्हते आणि हंगाम मात्र ऐन भरात होता. घरात रोख रक्कम नव्हती.

समोर आलेले पर्याय

थोरल्या बंधूंनी एक खासगी केंद्र शोधून काढले होते. महिना अकरा हजार, किमान तीन महिने, सगळी रक्कम आगाऊ आणि रुग्णाला घरून "उचलून" नेण्याच्या गाडीचे पाच हजार वेगळे, असा हा अडतीस हजारांचा प्रस्ताव होता. पहिला महिना भेट बंद. बंधूंचा ऊसबिलाचा हप्ता नुकताच जमा झाला होता आणि ते सगळा खर्च उचलायला तयार होते. मात्र त्यांची अट होती की पैसे याच केंद्राला द्यायचे. आम्ही त्यांना आधी केंद्र पाहून येण्याची विनंती केली आणि काही प्रश्न लिहून दिले. परत आल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे जे सांगितले ते असे: एका हॉलमध्ये पंधरा-वीस माणसे, दाराला बाहेरून कुलूप, डॉक्टर "बोलावले की येतात", फिट आली तर "गाडी आहे". नोंदणीपत्र मागितल्यावर भिंतीवरचे धर्मादाय आयुक्तांकडील न्यासनोंदणीचे प्रमाणपत्र दाखवले गेले. ही नोंदणी संस्थेची असते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजारात केला आहे, आणि असे रुग्ण निवासी ठेवणाऱ्या ठिकाणाला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. त्याच कायद्यानुसार रुग्णाची स्वतःची संमती नसताना दाखल करायचे असेल तर एका मनोविकारतज्ज्ञाने आणि आणखी एका मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते, नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने निर्णयांत मदत करणाऱ्या व्यक्तीचा) अर्ज लागतो आणि सुरुवातीची मुदत 30 दिवसांपर्यंतच असते. नातेवाइकांनी पैसे भरले आणि चार माणसांनी गाडीत घातले, एवढ्याने ते दाखल करणे कायदेशीर होत नाही. बंधूंना कायद्यापेक्षा फिटचा मुद्दा पटला. मागच्या वर्षीची फिट त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

दुसरा पर्याय घरीच गोळ्या घेऊन दारू सोडण्याचा होता. ज्यांचे पिणे मर्यादित आहे, पूर्वी फिट आलेली नाही आणि घरी लक्ष ठेवणारे माणूस आहे, अशांना बाह्यरुग्ण उपचार पुरतात व ते सर्वांत स्वस्त असतात. इथे पूर्वीची फिट आणि कावीळ या दोन कारणांनी मनोविकारतज्ज्ञांनी तो पर्याय बाद केला.

तिसरा पर्याय जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातील मनोविकार विभागाचा. तिथे खर्च नाममात्र, पण तिथे मिळते ती केवळ शरीरातली दारू उतरवण्याची वैद्यकीय देखरेख. त्यानंतरचे समुपदेशन आणि दिनक्रमाची घडी तिथल्या गर्दीत होत नाही. आणि "सरकारी" म्हटल्यावर पत्नीच्या मनात "वेड्यांचा वॉर्ड" हे चित्र होते. मुलीची दहावी, पुढे तिचे लग्न, लोक काय म्हणतील हे सगळे त्या एका शब्दाभोवती गोळा झाले होते. ही भीती पैशांच्या गणितात कुठे मांडता येत नाही, पण अनेक कुटुंबे सरकारी खाट सोडून अडतीस हजारांच्या कुलुपाकडे जातात त्यामागे तीच असते.

चौथा पर्याय स्वयंसेवी संस्थांच्या निवासी केंद्रांचा. पुण्याचे मुक्तांगण 1986 पासून या क्षेत्रात काम करत आहे आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक कुटुंबांना एवढे एकच नाव ठाऊक असते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी केंद्रे अनेक जिल्ह्यांत आहेत आणि त्यांच्या मान्य खर्चाचा मोठा भाग अनुदानातून भागतो, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. इथे ती मुलीने मिळवली. शाळेच्या भिंतीवरचा 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक तिने वहीत उतरवून घेतला होता. तिने फोन केला आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या अनुदानित केंद्राचे नाव मिळाले. केंद्रात एक महिन्याचा कार्यक्रम होता, जेवण व औषधांपोटी सहा हजार रुपये घेतले जात होते, आणि खाटेसाठी दोन-तीन आठवडे थांबावे लागणार होते.

विम्याचा प्रश्न

बँकेतून कर्ज घेताना या कुटुंबाने आरोग्य विमाही घेतला होता आणि त्यावर पत्नीची मोठी भिस्त होती. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे असे 2017 चा कायदा सांगतो, हेही कुणीतरी त्यांना सांगितले होते. पॉलिसीचे कागद काढून पाहिले तेव्हा विमा नियामकाने प्रमाणित केलेल्या वगळण्यांतला (विमा ज्यांना लागू नाही त्या बाबींतला) बारावा क्रमांक तिथे होता: दारू, अमली पदार्थ किंवा कोणतीही व्यसनाधीनता यांवरील उपचार आणि त्यांचे परिणाम. "परिणाम" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्यात दारूमुळे झालेली कावीळही येऊ शकते.

एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिला की खासगी रुग्णालयात "पोटाचा विकार" म्हणून दाखल करा, कॅशलेस होऊन जाईल. हा सल्ला आमच्या भागात सर्रास दिला जातो. कुटुंबाने तो नाकारला आणि त्यामागे नैतिकतेपेक्षा हिशेब होता: खोटी माहिती उघड झाली तर पॉलिसीच रद्द होऊ शकते, आणि त्याच पॉलिसीत पत्नी व दोन्ही मुले होती. शिवाय निदान खोटे लिहिले की उपचारही त्या खोट्या निदानाचेच होतात, हा मागच्या वर्षीच्या चौदा हजारांचा अनुभव ताजा होता.

काय केले

निर्णायक पाऊल पत्नीने उचलले. दिरांचे पैसे घेतले तर निर्णयही त्यांचा राहील, हे ओळखून त्यांनी स्वतःच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून पंचवीस हजारांचे सोनेतारण कर्ज काढले. त्यातले बारा हजार त्यांनी त्याच दिवशी बचत गटाच्या आपल्या खात्यावर टाकले आणि ते "नंतरच्यासाठी" असल्याचे सांगितले. तोपर्यंत आमच्या पाहण्यातल्या बहुतेक कुटुंबांनी जमलेला सगळा पैसा दाखल करण्यातच घालवलेला होता. मग तिसऱ्या महिन्यात तपासणीला यायला एसटीचे भाडेही उरत नसे.

रुग्णाची संमती मिळवणे अपेक्षेपेक्षा सोपे गेले. दारू सोडाल का, असे त्यांना विचारलेच नाही. फिट न येता हाताची थरथर थांबवता येते, त्यासाठी आठवडाभर खाटेवर राहावे लागते, एवढेच डॉक्टरांनी सांगितले. कारागिराला हात महत्त्वाचे होते. ते स्वतःच्या सहीने सरकारी रुग्णालयात दाखल झाले.

थायमिनची (बी-1 जीवनसत्त्वाची) इंजेक्शने, थरथर व फिट आवरणारी आणि यकृताला झेपणारी लोराझेपाम आणि तिची रोज कमी होत जाणारी मात्रा यांवर सात दिवस गेले. फिट आली नाही. तिसऱ्या रात्री थोडा भ्रम झाला. ते हवेत तार गुंडाळत असल्यासारखे हात फिरवत होते आणि सोबत बसलेल्या बंधूंनी तो प्रकार सबंध रात्र पाहिला. सकाळी बंधू फक्त एवढेच म्हणाले, "तिथं हॉलात असता तर?" बाहेरच्या तपासण्या, काही औषधे, सोबत्याचे जेवण आणि प्रवास मिळून खर्च पाच हजार दोनशे रुपये झाला.

आठव्या दिवशी घरी सोडले तेव्हा अनुदानित केंद्रातली खाट रिकामी होण्यास सुमारे दोन आठवडे बाकी होते, आणि दुकानासमोर जळालेल्या मोटारींची रांग लागलेली होती. घरच्यांनी ठरवले की मे महिना काढू, पाऊस लागला की केंद्रात जाऊ. मनोविकारतज्ज्ञांनी धोका स्पष्ट सांगितला. कुटुंबाने तो ऐकला आणि तरीही दुकान उघडले. मला यात अडाणीपणा दिसत नाही. मेचे उत्पन्न सोडायचे तर शाळेची फी, पतसंस्थेचे व्याज आणि पुढच्या महिनाभराचा निवास हे सगळे कशातून भागवायचे, याचे उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हते. हात स्थिर झाले होते, काम झपाट्याने उरकू लागले, हातात रोख येऊ लागली आणि तिसऱ्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने मोटार चालू झाल्याच्या आनंदात पाजलेल्या क्वार्टरवरून सगळे पूर्ववत झाले.

जूनमध्ये दुसऱ्यांदा दाखल करताना क्रम बदलला. आधी केंद्राकडून खाटेची तारीख घेतली, तिच्या सहा दिवस आधी सरकारी रुग्णालयात दाखल केले आणि तिथून घरी न आणता परस्पर केंद्रात नेले. दुकानात काम शिकणाऱ्या पुतण्याने किरकोळ दुरुस्त्या चालू ठेवल्या. पत्नीने दोन गोष्टी स्वतःहून केल्या: दुकानातला क्यूआर कोड बदलून आपल्या खात्याचा लावला आणि तांब्याचे भंगार विकण्याचे काम दिरांकडे सोपवले. हिशेबातला जो छुपा झरा वर्षानुवर्षे दारूला पाणी पुरवत होता तो यामुळे बंद झाला.

परिणाम

केंद्रातून परतल्यानंतरच्या वर्षात महिन्यातून एकदा तपासणी, आठवड्यातून एकदा जवळच्या शहरातील अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्परमदत गटाची सभा आणि यकृताच्या तपासण्या असा क्रम राहिला. सभेला शुल्क नसते. यकृताची स्थिती पाहून डॉक्टरांनी डायसल्फिराम टाळले व दारूची ओढ कमी करणारे बॅक्लोफेन दिले. औषधे, तपासण्या आणि प्रवास मिळून महिन्याला तेराशे ते पंधराशे रुपये लागत. पत्नी सोबत येत असल्याने एसटीतील महिलांच्या निम्म्या भाड्याचाही उपयोग झाला.

गावच्या जत्रेत ते पुन्हा प्यायले, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी हात थरथरू लागल्यावर ते स्वतः पहिल्या एसटीने तपासणीला आले. बचत गटाच्या खात्यात पैसे शिल्लक असल्याने उसनवारी करावी लागली नाही, आणि उसनवारी करावी लागली नाही म्हणून बातमी भावकीत पसरली नाही. पाच दिवसांच्या गोळ्यांवर प्रकरण आटोक्यात आले. त्यानंतरच्या हंगामात त्यांनी दारूशिवाय दुकान चालवले.

दोन्ही वेळचे रुग्णालय, महिन्याचा निवास आणि वर्षभराचा पाठपुरावा मिळून खर्च सुमारे बत्तीस हजार झाला. खासगी केंद्राच्या तीन महिन्यांच्या आगाऊ रकमेपेक्षा तो थोडाच कमी आहे, आणि दुकान बंद राहिल्याने बुडालेली कमाई त्यात धरलेली नाही. मात्र ही रक्कम एकाच वेळी द्यावी लागली नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या वेळी सरकारी रुग्णालय आणि निवासी केंद्र यांच्या तारखा जुळवल्या असत्या तर मेमधली घसरण कदाचित टळली असती. पण कावीळ तारखेसाठी थांबणारी नव्हती, त्यामुळे खरा पर्याय एवढाच होता की मधल्या दोन आठवड्यांसाठी दुकानाची वेगळी व्यवस्था लावावी. पुतण्या, क्यूआर कोड, भंगार या जूनमधल्या तिन्ही व्यवस्था एप्रिलमध्येही शक्य होत्या आणि त्यांना एक रुपयाही लागत नव्हता. उपचारांच्या नियोजनात रोख रक्कम कुणाच्या हातात येते हा प्रश्न औषधांच्या बरोबरीने विचारला जायला हवा होता.

पत्नीच्या स्वतःच्या समुपदेशनाकडे मात्र सबंध वर्षात कुणाचे लक्ष गेले नाही. केंद्रात नातेवाइकांसाठी सत्रे होती. शिवणकामाचे दिवस बुडतात म्हणून त्यांना एकाच सत्राला जाता आले. जत्रेच्या वेळी त्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला. सत्राच्या दिवसाची मजुरीही उपचारांच्या खर्चातच मोजली असती तर बारा हजारांतून ती सहज निघाली असती.

थोरल्या बंधूंचे म्हणणे अजून बदललेले नाही. दाखल करताना डॉक्टर हवाच, हे ते मान्य करतात. पण एप्रिलमध्येच तीन महिने कुठेतरी बंद ठेवले असते तर दुसऱ्यांदा खर्च पडला नसता, असे ते आजही सांगतात, आणि मेमधला अनुभव त्यांच्या बाजूने उभा आहे हे नाकारता येत नाही. त्यावर त्यांच्या भावजयीचे उत्तर असे की तीन महिन्यांनंतरही दुकान तेच होते, गिऱ्हाईक तेच होते आणि पैसे मात्र सगळे संपलेले असते. पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत. व्याज दर महिन्याला भरले जाते आणि यंदाच्या हंगामानंतर त्या सोडवायचे ठरले आहे.